नाताळचा गरम पेला आणि आपली ताडी

मार्गशीर्ष सरत आला, की आपल्याकडे पहाटेच्या गारठ्याला खरी धार चढते. शाळांना नाताळची सुट्टी लागते, कपाटाच्या तळाशी पडलेले स्वेटर आणि मफलर वर येतात, आणि घरात सकाळचा चहा दोनदा होतो. एकदा उठल्याबरोबर, आणि एकदा 'काय थंडी पडली आहे हो!' या सबबीवर. या सुट्टीचे नाव मोठे गमतीचे आहे. ती आपल्याला दिली इंग्रजांनी. पण नाव आपण घेतले पोर्तुगिजांचे. 'नाताल' म्हणजे पोर्तुगीज भाषेत ख्रिस्तजन्माचा सण. गोव्या-वसईकडून हा शब्द मराठीत आला, आणि आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ती शेवटपर्यंत नाताळचीच सुट्टी राहिली.

सणाचा शब्द असा समुद्रावरून आपल्याकडे आला. मग त्याच्या बदल्यात आपल्याकडून तिकडे काही गेले की नाही? गेले, वाचकहो. विलायतेत नाताळच्या दिवसांत शेकोटीभोवती जे गरम पेले फिरतात, त्यांपैकी दोघांची नावे आपल्या किनाऱ्याकडे बोट दाखवतात. एकाचे नाव 'टॉडी' आणि दुसऱ्याचे 'पंच'. पहिले नाव आपले, याबद्दल आज कोशकारांना फारशी शंका उरलेली नाही. दुसऱ्याबद्दल मात्र पंडितांत वाद आहे. या दोन पेल्यांची हकीकत आज सांगायची आहे. मद्याची भलामण करण्याचा हेतू नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. हे लिहिणारा स्वतः चहाचा भक्त आहे. पण पेल्यात काय होते, ते कोठून आले आणि ते कोणी आणले, हे पाहिले म्हणजे इतिहासाची एक बाजू उजेडात येते, आणि ती पाहण्याजोगी आहे.

प्रथम त्या देशाची थंडी ध्यानात घ्या. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. विजेचे दिवे नव्हते, घराला ऊब म्हणजे चुलाण्यातील आग तेवढी. अशा काळात लांबच लांब रात्र काढायची म्हणजे पोटात काहीतरी गरम हवेच. म्हणून तेथे फार जुन्या काळापासून बिअरसारखे धान्याचे मद्य गरम करून त्यात साखर, जायफळ आणि भाजलेली सफरचंदे घालून पिण्याचा प्रघात होता. त्याला 'वॉसेल' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रकृती ठणठणीत राहो' असा. म्हणजे आपण काढा हातात देताना जे म्हणतो तेच! युरोपात इतरत्र द्राक्षाचे मद्य लवंग-दालचिनी घालून गरम करीत. तेव्हा गरम पेला तिकडे पूर्वीपासून होता. मात्र त्यातला मसाला पूर्वेकडचा होता, आणि तो मसाला मिळवण्यासाठीच ही मंडळी गलबते घेऊन आपल्या समुद्रात उतरली.

आता टॉडीकडे वळू. आपल्याकडे झाडाच्या रसाला झाडागणिक नाव आहे. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. सूर्य उगवण्यापूर्वी, आंबण्याच्या आधी घेतलेला गोड रस म्हणजे नीरा. इंग्रजाला एवढा बारकावा कोठून कळणार? त्याने सरसकट सगळ्याला 'टॉडी' म्हटले. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लिखाणात 'टॅरी', 'टॅडी', 'टॉडी' अशी या शब्दाची निरनिराळी रूपे सापडतात. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा एक धर्मोपदेशक होता. तो १६१६ ते १६१९ या काळात हिंदुस्थानात राहिला. या रसाचे त्याने कौतुक केले आहे. सूर्योदयापूर्वी घेतला तर रुचकर, ऊन चढल्यावर मात्र त्याचा गुण पालटतो, असे त्याने नमूद केले आहे. नीरा केंद्रावर सकाळी रांग लावणाऱ्या कोणालाही हे पटेल.

हा शब्द पुढे गलबतांबरोबर उत्तरेकडे गेला आणि तेथे त्याने वेष पालटला. ताडाचे झाड तर स्कॉटलंडमध्ये उगवत नाही. मग तेथील लोकांनी आपली व्हिस्की घेतली, तिच्यात कढत पाणी आणि साखर घातली, आणि त्या मिश्रणाला नाव दिले टॉडी. स्कॉटलंडचा लोककवी रॉबर्ट बर्न्स याच्या १७८६ सालच्या पहिल्या काव्यसंग्रहात तरुण-तरुणी टेबलाभोवती बसून टॉडी ढवळताना दिसतात. एडिंबरोला पाणी पुरवणाऱ्या 'टॉड' नावाच्या झऱ्यावरून हे नाव पडले, असाही एक तर्क मध्यंतरी निघाला होता. पण कोशकारांनी तो मानला नाही. पुढे लिंबू, लवंग, मध हेही त्यात आले, आणि 'हॉट टॉडी' हा सर्दी-पडशावरचा घरगुती उपाय होऊन बसला. गंमत पाहा. आपली ताडी गार, पहाटे दवात उतरवलेली, उन्हाने बिघडणारी. तिचेच नाव धारण करणारा पेला तिकडे वाफाळलेला! सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलते हे आपण पाहतो. येथे नाव तेच राहिले आणि मुलगी बदलली.

आता पंचाची कथा. ही सुरू होते सुरतेला.

१६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा म्हणून उतरला होता. वखारीचा रोजचा क्रम त्याने मोठ्या आस्थेने लिहून ठेवला आहे. वखारीत दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर काही व्यापारी खास एकत्र जमत. का, तर ते मायदेशाहून निघाले तो वार शुक्रवार होता, आणि त्या दिवशी त्यांनी आपापल्या बायकांचा निरोप घेतला होता. म्हणून दर शुक्रवारी बायकांच्या आरोग्याच्या नावाने पेला घ्यायचा! त्या बैठकीत 'पालेपुंट्झ' नावाचे एक पेय असे. त्यात कडक मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालीत, असे मांडेल्स्लो सांगतो. हे विचित्र नाव म्हणजे इंग्रजी 'बोल ऑफ पंच', अर्थात 'पंचाचा वाडगा', या शब्दांचा जर्मन कानाने केलेला चेंदामेंदा आहे. त्यानंतर आलेल्या फ्रेंच प्रवाशांनी त्याचेच 'बोलपाँज', 'बूलपाँज' असे केले. हजारो मैलांवर, उकाड्याच्या गावी बायकामुलांच्या आठवणीने जीव कासावीस झालेली ही माणसे. हातात जे मिळाले ते त्यांनी वाडग्यात कालवले. साखर येथली, लिंबू येथले, गुलाबपाणी येथले. आणि मद्य?

मद्याचे उत्तर आपल्याला डॉक्टर फ्रायर देतो. जॉन फ्रायर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. त्या वकिलातीची हकीकत फ्रायरच्या ग्रंथात आलेली आहे. हा गृहस्थ कंपनीचा वैद्य. १६७३ च्या अखेरीस तो मुंबईला आला. पुढे जुन्नरपर्यंत जाऊन आला, गोवाही त्याने पाहिले. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापले गेले. त्यात तो लिहितो, की गोव्याजवळच्या नेरूळ या गावी उत्तम 'अराक' तयार होते, आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचे अंगातील त्राण घालवणारे पेय करतात. हिंदुस्थानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाच. त्यात पाच जिनसा असतात म्हणून हे नाव.

हे नेरूळ म्हणजे नवी मुंबईतले नव्हे. बार्देश तालुक्यात, आग्वादच्या किल्ल्यापासून जवळच, खाडीकाठी माडांच्या दाटीत वसलेले हे गाव आहे. आणि अराक म्हणजे काय? मूळ अरबी शब्द 'अरक', म्हणजे घाम. भट्टीवर भांडे चढवले, की झाकणाला घामाचे थेंब जमावेत तसे थेंब जमतात, म्हणून हे नाव. त्याच शब्दापासून आपण 'अर्क' म्हणतो. ओव्याचा अर्क म्हणतो, तसाच एखाद्या चलाख मुलाला 'मोठा अर्क आहे' असेही म्हणतो. गोव्यातले 'हुर्राक' हे त्याच कुळातले.

या थेंबांमागे कोण होते, तेही पाहू. गोव्यात माडाचा सूर काढणारा तो रेंदेर. मुंबई-कोकणात हेच काम भंडाऱ्यांचे. माडाची पोय उमलण्यापूर्वी ती घट्ट बांधायची, हलक्या हाताने ठोकून ठोकून मऊ करायची, टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप घ्यायचा आणि खाली मडके अडकवायचे. काप दररोज ताजा घ्यावा लागतो, म्हणून रोज चढावे लागते; तेही एकदा नव्हे, आणि एकाच माडावर नव्हे. पावसात बुंधा निसरडा होतो, वारा शेंडा हलवतो. असा जीव टांगून उतरवलेला सूर भट्टीवर जाई, त्याचा अर्क निघे, आणि तो इंग्रजांच्या वाडग्यात पडे. फ्रायरने गावाचे नाव नोंदवून ठेवले, हे त्याचे उपकारच. चढणाऱ्याचे नाव नोंदवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आता मुख्य प्रश्न. पंच हा शब्द खरोखर आपल्या 'पाच'वरून आला काय? मराठी कानाला तर शंकाच येत नाही. पंचामृत, पंचखाद्य, पंचगव्य. पाच जिनसा एकत्र आल्या की आपण लगेच पंच म्हणतो. वैद्यकात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांना मिळून पंचकोल म्हणतात. आणि योगायोग असा, की फ्रायरलाही हेच सुचले. तो वैद्य पडला ना! युरोपातले वैद्य पाच औषधांच्या मिश्रणाला संख्येवरून नाव देतात, त्यातलाच हा प्रकार, असे त्याने म्हटले आहे.

पण इतिहासात नुसत्या कानावर भागत नाही. विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे, आणि तिचे म्हणणे साधे नाही. पहिला आक्षेप उच्चाराचा. त्या काळचे इंग्रज या शब्दातील स्वर आपल्या 'उ'सारखा उच्चारीत, म्हणजे 'पुंच' असा. 'पाच'मधल्या लांब 'आ'चे असे व्हायला नको होते. दुसरा आक्षेप संख्येचा. मांडेल्स्लोच्या यादीत जिनसा चारच आहेत. फ्रेंच वैद्य बर्निये, जो औरंगजेबाच्या काळात येथे होता, तोही मद्य, लिंबू, पाणी आणि जायफळ अशा चारच सांगतो. दुसरा एक फ्रेंच प्रवासी ला बुलाये पाच सांगतो खरा, पण त्यांत भाजलेले बिस्किटही आहे! जर्मन कवी शिलरने १८०३ साली या पेयावर गीत लिहिले, त्यातही तत्त्वे चारच. तिसरा आक्षेप स्थळाचा. हा शब्द लेखी स्वरूपात प्रथम सापडतो तो १६३२ सालच्या कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात, आणि ते पत्र पूर्व किनाऱ्यावरच्या एका सहकाऱ्याला लिहिलेले. त्या तेलुगू मुलखात पाचाला 'ऐदु' म्हणतात. म्हणून काही विद्वान म्हणतात, की इंग्रजीत मद्याच्या मोठ्या पिपाला 'पंचन' म्हणत; खलाशांनी तोच शब्द तोडून 'पंच' केला असेल.

मग खरे काय? एवढे मात्र निर्विवाद, की या पेयाचे सर्वांत जुने उल्लेख कंपनीच्या हिंदुस्थानातल्या लोकांकडून आणि येथे आलेल्या प्रवाशांकडूनच मिळतात. कंपनीची माणसे सुरतेहून पूर्व किनाऱ्याला जात-येत असत, आणि जाताना शब्दही बरोबर नेत. तेव्हा 'पाच'ची बाजू बळकट आहे, पण सिद्ध नाही. ताडीचा दावा आपण छातीठोकपणे सांगावा. पाचाचा दावा सांगताना 'बहुधा' हा शब्द गाळू नये. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट मूळची आमचीच, असे म्हणण्याची आपल्याला हौस आहे. ती हौस पुरवताना पुरावा कच्चा ठेवला, तर आपल्या खऱ्या दाव्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून हा काथ्याकूट केला.

शब्दाचा निकाल काही लागो. पेय मात्र येथूनच निघून थंडीच्या देशात पोहोचले. लंडनचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन हा १६६२ च्या जानेवारीत, राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याबरोबर टेम्स नदीत उभ्या असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावर गेला होता. तेथे त्यांच्यापुढे जी पेये आली, त्यांत पंच असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ऐन हिवाळ्यातला तो महिना, आणि त्याच वर्षी पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न लागले. मुंबई बेट आंदण देण्याचा करार आधीच्या वर्षी झालेला होता. मुंबई आणि पंच, दोन्ही एकाच सुमारास इंग्रजांच्या ओटीत पडले म्हणा ना.

आपल्या हवेत हे पेय थंडच घेत. इंग्लंडच्या हिवाळ्यात मात्र पाणी कढत घालू लागले, आणि पंच वाफाळू लागला. चीनहून आलेले चिनी मातीचे मोठे वाडगे, स्पेन-पोर्तुगालची लिंबे, बांदा बेटांतले जायफळ, गोव्याचे किंवा जावाचे अराक. एका वाडग्यात चार समुद्र! तो महाग होता, म्हणून तो प्रतिष्ठेचा झाला. १७३१ साली जेम्स ॲशली याने लंडनमध्ये खास पंचाचे दुकान थाटले. दोन वर्षांनी हॉगार्थ या चित्रकाराने रात्रीच्या एका बैठकीचे चित्र प्रसिद्ध केले. मध्यभागी पंचाचा भला मोठा वाडगा आणि भोवती शुद्ध हरपलेली सभ्य मंडळी! त्याच १७३३ साली स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले जहाज चीनहून परतले. त्यातून अराक तिकडे गेले, आणि स्वीडिश लोकांचे ते लाडके पेय झाले. दर गुरुवारी वाटाण्याच्या सारासोबत गरम 'पुन्श' घेण्याची रीत तिकडे रूढ झाली ती कायमची.

पुढे अराकाची जागा बहुतांशी रमने घेतली. तरी जुने नाव गेले नाही. थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. थॅकरे जन्माने कलकत्त्याचा. १८४७-४८ साली निघालेल्या या कादंबरीत हिंदुस्थानातून परतलेला एक लठ्ठ कलेक्टर लंडनच्या बागेत 'रॅक पंच' ढोसतो, भर लोकांत आपली शोभा करून घेतो, आणि त्यापायी जुळत आलेले लग्न मोडते. हा 'रॅक' म्हणजे आपला अर्कच. आणि डिकन्स! त्याच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या नाताळच्या गोष्टीत गरीब कारकून बॉब क्रॅचिट घरच्या फाटक्या संसारात जिन आणि लिंबू एकत्र करून, ढवळून, शेगडीजवळ गरम करायला ठेवतो. घरात पेले धड नाहीत, तरी त्या दिवशी सारे घर त्या जगाभोवती जमते. गोष्टीच्या शेवटी चिक्कू मालकाला उपरती होते, तेव्हा तोही आपल्या कारकुनाला गरम मसालेदार मद्याच्या वाडग्यावर बसून बोलू म्हणतो. नाताळचा गरम पेला आज जगाला ठाऊक आहे तो बराचसा डिकन्सच्या लेखणीमुळे.

वाचायला हे सारे गोड वाटते. पण वाचकहो, या वाडग्याच्या तळाशी गाळही आहे. रम येई कोठून, साखर येई कोठून? वेस्ट इंडीज बेटांतून. आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम तेथील उसाच्या मळ्यांत आणि काहिलींपाशी राबत होते. त्यांच्या रक्ताघामाची साखर आणि त्याच उसाची रम, दोन्ही या आनंदाच्या वाडग्यात पडत. इंग्रज समाजातल्या काही लोकांना हे डाचू लागले. १७९१ साली विल्यम फॉक्स याने एक पत्रक काढून लोकांना वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडण्याचे आवाहन केले. त्याच्या प्रती हजारोंनी खपल्या, आणि अनेक घरांतील बायकांनी साखरेचे भांडे टेबलावरून उचलून ठेवले. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर टाकणाऱ्या आपल्या आजी-पणजींची आठवण येते, नाही? पुढे 'ही हिंदुस्थानची साखर, गुलामांच्या हातची नव्हे' अशी अक्षरे घातलेली साखरदाणी मिरवणेही सुरू झाले. १८०७ साली इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद केला, आणि १८३३ साली गुलामगिरी उठवण्याचा कायदा केला. पेला खाली ठेवल्याने कायदा झाला असे मी म्हणत नाही. पण पेल्यात काय आहे हे विचारण्याची सवय तेथून लागली.

इकडे आपल्या किनाऱ्यावरही हिशेब चुकता होत होता. मुंबईतल्या इंग्रजांचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्या काळी पडली होती. ताप आणि अतिसार हे खरे वैरी. पण रोजच्या पंचाने पोखरलेले शरीर त्यांना तोंड कसे देणार? फ्रायरने त्याला त्राण घालवणारे म्हटले ते उगाच नव्हे. बर्निये तर वैद्य म्हणून स्पष्टच बजावतो, की पेय चवीला बरे, पण प्रकृतीचा घात करणारे. बंगालमधल्या युरोपियनांनी ते कमी केल्यावर त्यांचे मृत्यूही कमी झाले. सुरतेला दर शुक्रवारी बायकांच्या आरोग्याच्या नावाने वाडगा रिचवणाऱ्यांना स्वतःच्या आरोग्याचा मात्र विसर पडला होता.

आणि तोडगा तर त्यांच्या समोरच होता! त्याच वखारीत, त्याच १६३८ साली, रोजच्या साध्या बैठकीला काय घेत, ठाऊक आहे? मांडेल्स्लो सांगतो: चहा. लंडनच्या वर्तमानपत्रात चहाची पहिली जाहिरात यायला अजून वीस वर्षे होती. ती आली १६५८ साली. सुरतेच्या वखारीत मात्र चहाची किटली चालू होती. पुढे १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा धर्मोपदेशक सुरतेस यायला निघाला. त्याने लिहून ठेवले आहे, की येथील लोक चहाच्या पाण्यात गरम मसाला उकळून, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालून पितात, आणि डोकेदुखी-पोटदुखीवर तो गुणकारी मानतात. आपल्या मसाल्याच्या चहाची ही थोरली बहीणच की! ओव्हिंग्टनला चहा इतका आवडला, की मायदेशी परतल्यावर १६९९ साली त्याने चहाच्या गुणांवर वेगळा निबंध छापला. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या मद्यपानविरोधी मंडळींनी पंचाच्या वाडग्याविरुद्ध जे शस्त्र उचलले, तेही चहाचेच. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. त्यानंतर चहा चीनकडून हिंदुस्थानकडे वळला, आणि हळूहळू तुमच्या-आमच्या चुलीवर येऊन बसला. त्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांचीही कहाणी सुखाची नाही. तीही कधीतरी सांगायला हवी.

तर अशी ही दोन पेल्यांची हकीकत. ताडीने नाव दिले, ते पक्के. पाचाने नाव दिले, ते बहुधा. पण नेरूळच्या माडावर चढलेल्या माणसाने, बार्बाडोसच्या मळ्यात वाकलेल्या गुलामाने आणि बांदा बेटांत जायफळ वेचणाऱ्याने जे दिले, त्याला 'बहुधा' लावण्याची गरज नाही. इंग्रजांच्या शेकोटीभोवतीच्या उबेत या साऱ्यांचा वाटा होता. नाताळच्या गोष्टी वाचताना तो आपल्याला सहसा दिसत नाही, एवढेच.

उद्या पहाटे गारठ्यात चहाचे आधण ठेवाल, तेव्हा जरा मोजून पाहा. पाणी एक, चहाची भुकटी दोन, साखर तीन, दूध चार, आणि ठेचलेले आले पाच. झाला की नाही पंच? यात 'बहुधा' म्हणायची गरज नाही, शुद्ध हरपण्याची भीती नाही, आणि शुक्रवारची वाट पाहायला नको. शिवाय ज्याच्या आरोग्यासाठी प्यायचे, ते माणूस बहुतेक वेळा समोरच, दुसरा पेला हातात घेऊन बसलेले असते. तेव्हा घ्या, आणि निवण्यापूर्वी घ्या.